.२२ वरून .३२ कडे : सेंटर फायर स्पर्धेसाठी पिस्तुलाची निवड

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नेमबाज चार वर्षे .२२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा व्यास, इथे इंचांत) पिस्तुलाने २५ मीटर स्टँडर्ड पिस्तूल हा प्रकार खेळत आहेत, राज्य स्पर्धेत त्यांचे गुण बरे पडत आहेत आणि आता त्यांना सेंटर फायर प्रकारात, म्हणजे बुडाच्या मध्यावर पिन आदळून पेटणाऱ्या, .२२ पेक्षा जाड काडतुसांच्या प्रकारात उतरायचे आहे. घरात वडिलांच्या नावावर स्वसंरक्षणासाठी घेतलेले .३२ चे देशी रिव्हॉल्व्हर आहे. ते चालेल का, की नवे पिस्तूल घ्यावे. घ्यायचेच झाले तर.३२ की .३८, ऑटोमॅटिक (फैरीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारे) की रिव्हॉल्व्हर, आणि.३२ चा झटका .२२ पेक्षा मोठा असल्यामुळे गुण घसरतील का, असे त्यांनी विचारले आहे.

मी पंचवीसहून अधिक वर्षे हा प्रकार खेळलो आणि पुढे शिकवला, त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या .२२ चे जे सख्खे भावंड असेल, म्हणजे ज्याची मूठ, मुठीचा कोन आणि ट्रिगर आपल्या हाताला आधीच ठाऊक आहे, तेच .३२ चे पिस्तूल घ्यावे. मात्र त्याचे नाव पक्के करण्याआधी पुढची दोन वर्षे आपल्याला कोणती काडतुसे नियमित मिळणार आहेत, हे शोधून काढावे. बहुतेक जण याच्या नेमके उलट करतात. आधी पिस्तुलाच्या प्रेमात पडतात, मग परवान्यामागे धावतात आणि सगळे हाती आल्यावर त्यात घालायला काडतुसे नाहीत म्हणून सहा महिने ते कपाटात ठेवतात.

झटक्याच्या भीतीचे उत्तर या प्रकाराच्या रचनेतच आहे. सेंटर फायरमध्ये एकूण साठ फैरी असतात. पहिल्या तीस प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश, अचूक नेमाच्या, पाच-पाच फैरींच्या सहा सिरीज आणि प्रत्येक सिरीजला पाच मिनिटे. पुढच्या तीस रॅपिडच्या, म्हणजे झटपट नेमाच्या. त्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येते, सात सेकंद वळलेले राहते आणि प्रत्येक दर्शनाला एकच फैर झाडायची असते. हात पंचेचाळीस अंशांत खाली ठेवून वाट पाहायची, लक्ष्य समोर आले की उचलायचा. याचा अर्थ असा की, फैर सुटल्यावर नळी किती उडाली आणि किती लवकर जागेवर आली, याला इथे फारसे महत्त्व नाही. पुढच्या फैरीपूर्वी सात सेकंद हाताशी असतात. आपण खेळता त्या स्टँडर्ड पिस्तुलातील दहा सेकंदांत पाच फैरींच्या सिरीजला हे लागू नाही, म्हणून तिथून येणारा नेमबाज झटक्याचा बाऊ करतो. सेंटर फायरमध्ये झटक्याचा खरा उपद्रव निराळाच आहे. प्रत्येक फैरीनंतर मूठ तळव्यात अर्धा-एक मिलिमीटर सरकते, नेमबाजाला ते कळत नाही, आणि चौथी-पाचवी फैर अकारण डावीकडे किंवा खाली जाऊ लागते. तेव्हा झटका पचवण्यासाठी जड पिस्तूल शोधण्यापेक्षा हातात न हलणारी मूठ शोधणे अधिक शहाणपणाचे आहे. वजनाची कमाल मर्यादा तशीही १४०० ग्रॅम आहे.

बोअरचा प्रश्न यातूनच बराचसा सुटतो. नियमांप्रमाणे ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे ढोबळमानाने .३० ते .३८ पर्यंतची कोणतीही सेंटर फायर काडतुसे चालतात. मोठ्या गोळीचे भोक मोठे पडते, ते वरच्या वर्तुळाच्या रेषेला आधी शिवते, म्हणून .३८ घ्यावे, असा सल्ला जुन्या लोकांकडून आजही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. या प्रकारात संशयित भोक मोजण्याचे गेज ९.६५ मिलिमीटरचेच असते, मग गोळी .३२ ची असो वा .३८ ची, त्यामुळे जाड गोळीला एका गुणाचाही फायदा मिळत नाही. उलट .३८ स्पेशलची वॅडकटर (सपाट तोंडाची) गोळी १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) असते, तर .३२ स्मिथ अँड वेसन लाँगची ९८ ते १०० ग्रेनची. दीडपट शिशाचा धक्का हाताने का सोसावा, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ५२ हे .३८ वॅडकटरसाठी बनवलेले पिस्तूल फारच देखणे आहे आणि मला ते मनापासून आवडते. पण आवड आणि स्पर्धा या वेगळ्या गोष्टी आहेत. ९ मिलिमीटरचा विचार भारतातील खासगी परवानाधारकाने करूच नये, कारण ते आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते.

वॅडकटर म्हणजे काय, हे इथेच स्पष्ट करतो, कारण पुढचा बराच हिशेब त्यावर आहे. ही गोळी टोकदार किंवा गोलसर नसून सपाट तोंडाच्या शिशाच्या दंडगोलासारखी असते आणि ती काडतुसाच्या नळकांड्यात पूर्ण आत, तोंडाशी समतल बसवलेली असते. कागदाला तिचे भोक पंचिंग मशीनने पाडल्यासारखे स्वच्छ, गोल पडते. वेग सेकंदाला २३०-२४० मीटरच्या आसपास, दाब कमी. त्यामुळे साध्या ब्लोबॅक यंत्रणेच्या, म्हणजे फैरीच्या दाबानेच बोल्ट मागे ढकलला जाणाऱ्या पिस्तुलातही ती सौम्यपणे चालते. स्पर्धेची .३२ पिस्तुले याच आखूड काडतुसाच्या मापाने घडवलेली असतात आणि त्यांच्या मॅगझिनमध्ये गोल टोकाचे लांब काडतूस बसतच नाही.

आता घरातल्या रिव्हॉल्व्हरकडे येऊ. देशी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर हेच .३२ लाँग काडतूस वापरते, आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे, बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असलेले गोल टोकाचे काडतूस त्यात चालते, म्हणून अनेकांना वाटते की काम भागेल. भागणार नाही. त्याची नळी आखूड, साइट (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) न हलणाऱ्या, ट्रिगर खडबडीत आणि मूठ खिशात मावावी अशा बेताची आहे. त्याचा दोष नाही. ते मुळी या कामासाठी बनलेलेच नाही. शिवाय ते वडिलांच्या परवान्यावर, स्वसंरक्षणाच्या कारणासाठी नोंदलेले आहे. आपण ते रेंजवर नेऊन वापरणे कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचे आहे. त्याला जागेवरच राहू द्यावे.

स्पर्धेचे रिव्हॉल्व्हर मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. फ्रान्सच्या मानुऱ्हिनचे एमआर ३२ मॅच घेऊन उत्तम गुण करणारे नेमबाज होऊन गेले. तीन सेकंदांची एक फैर, मग सात सेकंदांत अंगठ्याने घोडा चढवायचा, एवढी सवड या प्रकारात मिळते, आणि रिव्हॉल्व्हर सहसा जाम होत नाही. पण घोडा चढवताना अंगठा हलतो, अंगठ्याबरोबर पकड हलते, आणि वर सांगितलेला मूठ सरकण्याचा त्रास आपण स्वतःच्या हाताने ओढवून घेतो. .२२ च्या ऑटोमॅटिकवर चार वर्षे घालवलेल्या नेमबाजाला मी तरी हा मार्ग सुचवणार नाही.

राहता राहिली .३२ ची ऑटोमॅटिक पिस्तुले. भारतातील रेंजवर आपल्याला प्रामुख्याने वॉल्थर जीएसपी, इटलीची परदिनी एचपी, हॅमर्लीचे २८० आणि क्वचित एसपी २०, तसेच फास ६०३ दिसेल. यांतील कोणतेही पिस्तूल आपल्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा अचूक आहे. कोणते ‘सर्वोत्तम’ हा वाद चहाच्या टपरीवर सोडावा. विचार करायचा तो जोडीचा. जीएसपीत खालचा सांगाडा, मूठ आणि ट्रिगर तेच ठेवून वरचा नळी-बोल्टचा भाग आणि मॅगझिन बदलले की .२२ चे .३२ होते. हॅमर्ली २८० मध्येही अशी सोय आहे. परदिनीत .२२ चे एसपी आणि .३२ चे एचपी ही दोन पिस्तुले हाताला इतकी सारखी लागतात की डोळे मिटून उचलली तर वजनाच्या किंचित फरकाखेरीज ओळखू येऊ नयेत. याचा लाभ असा की, .३२ ची काडतुसे .२२ च्या कित्येक पट महाग पडतात, म्हणून सरावाचा तीन चतुर्थांश भाग आपण .२२ वरच करणार. आणि मूठ, कोन व ट्रिगर एकच असतील तर तो सगळा सराव सेंटर फायरच्या खात्यात जमा होतो. आपल्याकडे आज परदिनीचे .२२ असेल तर जीएसपी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, आणि उलटही तसेच.

एकच सांगाडा आणि दोन वरचे भाग घ्यावेत, की दोन स्वतंत्र पिस्तुले? पैसा आणि परवाना परवानगी देत असतील तर दोन. एकाच सांगाड्यावर दिवसाआड भाग बदलत राहिले की स्क्रू सैल पडतात, आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री बदल करून सकाळी पहिल्या सराव सिरीजमध्येच साइट सरकलेली आढळते. शिवाय आपल्या कायद्यात नळीसारखा भाग हासुद्धा शस्त्रातच गणला जातो. ‘फक्त कन्व्हर्जन किट आहे, त्याला कशाला नोंद’ असे कोणी म्हटले तर ऐकू नये. ज्या कार्यालयाने परवाना दिला तिथून लेखी नोंद करून घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रसंख्या तीनवरून दोनवर आणली, नेमबाजांसाठी मात्र वेगळी तरतूद आहे. आपण तिच्या कोणत्या वर्गात बसता, हे राज्य संघटनेकडून समजून घेऊनच अर्ज लिहावा.

निवडीत सर्वाधिक वेळ द्यावा तो ट्रिगरला. नियम किमान १००० ग्रॅमचा आहे. पूर्वी सेंटर फायरला तो १३६० ग्रॅम होता, आणि म्हणूनच जुन्या जीएसपीच्या .३२ संचाबरोबर १३६० चा ट्रिगर युनिट आलेला असतो. विकणारा ‘ट्रिगर अगदी मूळचाच आहे’ असे अभिमानाने सांगतो, ते खरेही असते, आणि आपण साडेतीनशे ग्रॅम जास्त ओढत राहतो. जीएसपीचे ट्रिगर युनिट अखंड निघते आणि १००० चे युनिट त्या जागी बसते, त्यामुळे एवढ्यासाठी चांगले पिस्तूल नाकारू नये. फक्त दुसऱ्या युनिटची किंमत आधीच धरावी.

वजन तपासणीच्या टेबलावरचे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना माझा पुढचा मुद्दा पटेल. नळी उभी धरतात, एक किलोचे वजन ट्रिगरच्या मध्यावर अडकवतात आणि पिस्तूल हळूहळू वर उचलतात. वजन जमिनीवरून सुटले आणि ‘टक्’ आवाज झाला नाही तर पास. मी एका तरुणाला तिथे तीनदा ‘टक्’ ऐकताना पाहिले आहे. घरी त्याने ट्रिगर बरोबर हजारावर आणून ठेवला होता, सकाळची थंडी आणि नुकतेच घातलेले तेल यांनी तो काही ग्रॅमने उतरला. स्क्रू फिरवायला हात थरथरत होते, आणि ते हात पुढे अर्ध्या तासाने प्रिसिजनला उभे राहिले. ट्रिगर १०३०-१०५० वर ठेवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दोन टप्प्यांचा असावा आणि वजनाचा मोठा वाटा पहिल्या टप्प्यात असावा. रॅपिडमध्ये हात वर येत असतानाच बोट तो पहिला टप्पा घेते, आणि साइट लक्ष्यावर स्थिरावताना दुसऱ्यासाठी फक्त थोडेसे वजन उरते. पिस्तूल पाहायला गेल्यावर नळीत डोकावण्याआधी हे तपासावे. तीन सेकंदांतले पहिले दीड सेकंद हात उचलण्यात जातात. उरलेल्या वेळात बोटाला दुसऱ्या टप्प्याची भिंत शोधत बसावे लागले तर पिस्तूल कितीही नामांकित असो, उपयोग नाही.

साइटबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रिसिजनच्या लक्ष्यावर काळा भाग २०० मिलिमीटरचा असतो आणि आपण त्याच्या खाली पांढऱ्यावर साइट धरतो. रॅपिडचे लक्ष्य ५०० मिलिमीटरपर्यंत सबंध काळे असते, तिथे मध्यावर धरावे लागते. म्हणजे दोन टप्प्यांच्या मधे साइटच्या स्क्रूचे ठरावीक क्लिक फिरवावे लागतात, आणि ते स्पर्धेच्या ताणात, घामाळलेल्या बोटांनी. तेव्हा क्लिक बोटाला स्पष्ट जाणवणारे हवेत आणि वीस क्लिक खाली जाऊन वीस वर आल्यावर गोळी पहिल्याच जागी पडायला हवी. जुन्या पिस्तुलात हे हमखास बिघडलेले असते. काळ्यावर काळी साइट दिसावी म्हणून मागची खाच थोडी रुंद असलेली बरी.

मुठीला कारखान्याची मापे लहान-मध्यम-मोठी एवढीच असतात, हात मात्र प्रत्येकाचा वेगळा. माझी पद्धत साधी आहे. तळव्याला खडूची पूड लावायची, पिस्तूल नेमके जसे धरतो तसे धरायचे आणि दहा ‘ड्राय’, म्हणजे काडतुसाशिवायच्या, फैरी करायच्या. मग मूठ उजेडात धरून पाहायची. जिथे पूड लागलेलीच नाही तिथे पोकळी आहे, तिथे लाकडाची पुट्टी भरायची. जिथे पूड घासून निघून गेली आहे तिथे सरकते आहे, तिथे कानस किंवा सॅंडपेपर. अंगठ्याच्या बेचक्याखाली आणि करंगळीपाशी सर्वात जास्त काम निघते. नवी कोरी अक्रोडाची मूठ अशी खरवडताना जीव तुटतो खरा, पण माझ्या स्वतःच्या मुठीवर पुट्टीचे चार रंग आहेत आणि ती दिसायला कुरूप आहे. मनगट मात्र मोकळेच राहायला हवे आणि तळव्याची फळी वर वळलेली नसावी. पुट्टीच्या भरात हा नियम मोडला तर तपासणीत मूठ अडते. ड्राय सरावासाठी .३२ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागात) डमी प्लग घालायला विसरू नये.

बाहेरून आयात करायचे झाले तर राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत जावे लागते आणि त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक पात्रता गुण मिळवलेल्या, ‘रिनाउंड शूटर’ म्हणून मान्य झालेल्या नेमबाजालाच वाट खुली असते. ती पात्रता अजून नसेल तर दुसऱ्या नेमबाजाकडचे वापरलेले पिस्तूल हाच व्यवहार्य मार्ग. त्यात मी एकदा चांगलाच पोळलो आहे. पिस्तूल चकचकीत, नळी आरशासारखी, किंमत वाजवी. मी ट्रिगर पाहिला, साइट पाहिली, रेस्टवरून (टेकू देऊन) गट, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ पडतात ते, पाहिला आणि घेतले. मॅगझिनचे ओठ कुणीतरी पक्कडीने वळवून सरळ केलेले होते, ते मला दिसले नाही. सरावात दोन-तीनशे फैरींत एकदा अडकायचे, मी दुर्लक्ष केले. राज्य स्पर्धेत रॅपिडच्या दुसऱ्या सिरीजमध्ये तिसरे काडतूस चेंबरच्या कडेला कलंडून अडकले. बिघाड मान्य झाला आणि राहिलेल्या फैरी मिळाल्या. पाचव्या सिरीजमध्ये पुन्हा तेच. एका टप्प्यात असा बिघाड एकदाच मान्य होतो, त्यामुळे दुसऱ्या वेळी उरलेल्या फैरींचे शून्य. वॅडकटरचे सपाट तोंड चेंबरमध्ये शिरायला मुळातच नाखूश असते. गोल टोकाची गोळी जे वाकडेपण माफ करते ते ही करत नाही. म्हणून जुने पिस्तूल घेताना मॅगझिन प्रत्येकी वेगळे, पाच-पाच काडतुसे भरून, निदान दहा वेळा चालवून पाहावे. बोल्टचा चेहरा, एक्स्ट्रॅक्टरची (रिकामे नळकांडे बाहेर ओढणाऱ्या भागाची) नखी आणि बोल्टला पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग ही पुढची तपासणी. नळी सर्वात शेवटी, कारण शिशाच्या मंद गोळीने नळी सहसा झिजत नाही.

काडतुसांत लापुआ, फिओची, गेको, मॅगटेक ही नावे आपल्याकडे अधूनमधून मिळतात, पण एकाच वेळी सगळी कधीच नाही. प्रत्येक पिस्तुलाची आवड वेगळी असते. जी मिळतील त्यांच्या दहा-दहा फैरी २५ मीटरवरून रेस्टवर झाडाव्यात. प्रिसिजनच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे आणि आतले दहा २५ चे आहे. गट तिशीच्या आत राहिला की पुढे शोधत बसू नये, त्याच लॉटच्या जितक्या पेट्या परवान्यात बसतात तितक्या घ्याव्यात. आतल्या दहांचे महत्त्व कमी लेखू नये, हे मात्र खरे. २०२५ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत याच प्रकारात भारताचे गुरप्रीत सिंग ५८४ गुणांच्या बरोबरीत होते आणि सुवर्ण गेले ते आतल्या दहांच्या संख्येवर.

गुण घसरतील का, हा प्रश्न उरला. पहिले सहा महिने थोडे घसरतील, तेही प्रिसिजनमध्ये. रॅपिडमध्ये फार फरक पडत नाही असे मी पाहिले आहे. हा प्रकार आपल्याकडच्या नेमबाजांना नेहमीच मानवला आहे. १९९० मध्ये ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अशोक पंडित यांनी सेंटर फायरचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले, १९९४ मध्ये व्हिक्टोरियाला जसपाल राणांबरोबर जोडीचे. आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत राणांनी ५९० गुणांची, तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी करणारी नोंद केली. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलाचाही प्रिसिजन-रॅपिडचा साचा असाच आहे, फरक .२२ चा; कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्या रॅपिड सिरीजचे चित्रण मिळाले तर हात उचलण्याची लय पाहण्यासाठी ते जरूर पाहावे.

पिस्तूल ठरले की त्याच कागदपत्रांत दोन जादा मॅगझिन, एक फायरिंग पिन, एक एक्स्ट्रॅक्टर आणि दोन रिकॉइल स्प्रिंग यांचा उल्लेख करून घ्यावा. नंतर एवढ्याशा स्प्रिंगसाठी स्वतंत्र पत्रव्यवहार करायला गेलात तर एक हंगाम जातो.